काळी दोनमध्ये गाणारी जीप

मोटारीच्या पोटातून येणाऱ्या आवाजांसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. घरघर, गुणगुण, खडखड, कुरकुर, थडथड, खट्ट, धप्प. शाळेच्या व्याकरणात हे अनुकरणवाचक शब्द एका यादीत येतात आणि तिथेच राहतात. गॅरेजच्या दारात गाडी लावताना मालक त्यांतला एकही वापरत नाही. तो म्हणतो, ‘मागून आवाज येतो.’ मिस्त्री एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, ‘डिफरेन्शियल गेला, खोलावा लागेल.’ या दोन वाक्यांच्या मधे जी चौकशी व्हायला हवी, तिच्याविषयी हा लेख आहे. गाडी म्हणजे मागे सलग एक्सेल आणि पाटे असलेली जीप, आणि तीही नुकतीच उंच करून घेतलेली.

मुंबईत विलीज जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. त्या घराण्यातल्या २०१० च्या थारलाही मागे पाटेच होते. २०२० च्या थारला कॉइल स्प्रिंग आले. पाटे असले की गाडी उंच करणे सोपे आणि स्वस्त. एक्सेल आणि पाट्यांच्या मधे लोखंडी ठोकळा बसवा, जास्तीचा पाटा घाला, नाहीतर मागचे शॅकल लांब करा. कारण विचारले तर सह्याद्रीतल्या दगडी वाटा आणि ओढे सांगितले जातात. खरे कारण पुष्कळदा रुबाब असते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते ठामपणे सांगितले आहे. तरीही उंच जीपा रस्त्यावर आहेत, आणि त्या आवाज करतात.

का करतात, हे समजायला गाडीखाली वाकून पाहावे. गिअरबॉक्समागच्या ट्रान्सफर केसमधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट एक्सेलच्या पिनियनला जोडलेला असतो. दोन्ही टोकांना एकेक युनिव्हर्सल जॉइंट असतो. गॅरेजच्या भाषेत ‘क्रॉस’. जीप आखूड, म्हणून तिचा मागचा शाफ्टही आखूड. समजा तो ६० सेंटिमीटरचा आहे आणि गाडी ५ सेंटिमीटर उंच केली. शाफ्टचा उतार जवळजवळ पावणेपाच अंशांनी वाढतो. हाच बदल दीड मीटर शाफ्टच्या गाडीत केला, तर वाढ दोन अंशांच्या आतच राहते. जीपवाल्यांना जो त्रास होतो तो लांब गाडीवाल्यांना फारसा का होत नाही, याचे बरेचसे उत्तर इथेच आहे.

कोन वाढला म्हणून बिघडते काय? क्रॉसचा स्वभाव मुळातच असमान आहे. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये हेलिओस्कोपविषयीच्या पुस्तिकेत हा सांधा वर्णिला, तो खगोलीय उपकरणांसाठी. त्यातली गंमत अशी, की आकाशात सूर्य एकसारख्या गतीने सरकताना दिसतो, पण सपाट तबकडीवरची छायायंत्राची सावली कधी मंद, कधी जलद फिरते. वाकवून जोडलेल्या सांध्याचे दुसरे टोकही तसेच फिरते, आणि दोन्हींचे गणित एकच आहे. दहा अंशांच्या कोनात, आत येणारी गती स्थिर असली तरी बाहेर पडणारी गती एका फेऱ्यात दोनदा दीड टक्का वाढते आणि दोनदा तितकीच घटते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक पुसतो, पण दोन अटींवर. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांची बेचकी एका रेषेत हवीत.

उंच करताना नेमक्या याच अटी मोडतात. ठोकळा घातला तर पिनियनची दिशा बदलत नाही. दोन्ही कोन वाढतात, पण सारखेच. मात्र चूक पुसली जाते ती पिनियनपाशी. मधला शाफ्ट तर आचके खात फिरतच असतो, आणि कोन मोठा असला की ते जाणवते. मागचे शॅकल लांब केले तर पाटा मागे झुकतो, त्याच्याबरोबर एक्सेल फिरतो आणि पिनियनचे नाक वर होते. आता कोन सारखेही राहिले नाहीत. तिसरी गोष्ट इतकी साधी आहे की कोणी तिच्याकडे पाहत नाही. काम करताना शाफ्ट काढला जातो, त्याचा सरकता सांधा सुटतो आणि परत बसवताना एखाद्या दाताने चुकतो. बेचकी रेषेतून गेली. काढण्यापूर्वी खडूची एक रेघ मारली असती तर हे टळले असते.

आता आवाजाकडे. समजा चाकाचा घेर २.२ मीटर आहे, क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १०. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ७.६ फेरे घेते, शाफ्ट ३१. क्रॉसचा आचका फेऱ्याला दोनदा, म्हणजे सेकंदाला ६२. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांना भिडतात ते सेकंदाला ३११ वेळा. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकात काळी दोनची कंपने जवळजवळ तितकीच असतात. वेग ८० केला की तो सूर मध्यमावर जातो, ९० ला पंचमावर, १२० ला तार षड्जावर. वेगाचे गुणोत्तर तेच सुराचे गुणोत्तर. ज्याचा कान गाण्यात तयार झाला आहे त्याला हे यंत्राशिवाय ऐकू येते. दातांची ती गुणगुण. सेकंदाला ६२ चा आचका कानापेक्षा अंगाला कळतो: आसन घुमते, आरशातला रस्ता धूसर होतो. चाकाचे खराब बेअरिंग घरघरते, आणि रस्त्याच्या वळणावर भार एका बाजूला गेला की त्याची घरघर वाढते किंवा कमी होते.

म्हणून मोकळ्या, सपाट रस्त्यावर आधी हे पाहावे की आवाज कशाला बांधलेला आहे. वेग तोच ठेवून खालचा गिअर टाका. आवाज इंजिनाबरोबर चढला तर मागच्या एक्सेलला दोष देण्यात अर्थ नाही. तो बदलला नाही, तर मागेच शोधायचे. मग अॅक्सिलरेटर दाबा आणि सोडा. सूर तोच राहून जोर फक्त कमीजास्त होत असेल, तर दातांवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उभ्या स्थितीतून निघताना थडथड होत असेल तर ती वेगळी भानगड आहे. ठोकळ्यावरचा एक्सेल जोर लागला की पाट्यांना पिळतो आणि पिनियन क्षणभर वर उचलला जातो. निघताना आणि पाय उचलताना एकच ‘खट्ट’ ऐकू आले तर क्रॉसमधली ढिलाई किंवा यू-बोल्टचे नट तपासावेत.

टायर हा सगळ्यात मोठा बहुरूपी. उंच जीपला बहुधा चिखलाचे जाड खाचांचे टायर लावले जातात, आणि त्यांचा सूर क्राउन-पिनियनच्या सुराजवळ पोचू शकतो. त्यासाठी रस्ता बदलावा. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवरून जुन्या महामार्गाच्या डांबरावर उतरताच जो आवाज पालटतो, तो टायरचा. खड्ड्यातच येणारी ‘धप्प’ बहुधा आखूड पडलेल्या शॉकअपची किंवा एक्सेलला टेकणाऱ्या सायलेन्सरच्या नळीची असते. पाट्यांची कुरकुर निरुपद्रवी.

संशय शाफ्टवर आला तर फोर-व्हील जीपला एक सोय आहे. मागचा शाफ्ट काढून ठेवावा, पुढच्या चाकांचे हब लॉक करावेत आणि फक्त पुढच्या चाकांवर गाडी हळू चालवून पाहावी. घुमणे थांबले तर शाफ्टच गुन्हेगार. पिनियन अजून फिरतोच आहे, पण बिनभाराचा; त्याच्या बेअरिंगची गुणगुण उरली तर तीही आता स्वच्छ ऐकू येते. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक याच शाफ्टवर असे, तेव्हा चाकांना दगड लावल्याशिवाय हे करू नये.

कोन मोजायला आता मोबाइलमधले पातळी दाखवणारे अॅप पुरते. ट्रान्सफर केसची बाहेर येणारी फ्लँज, शाफ्ट आणि पिनियनची फ्लँज, तिन्हींचा उतार टिपून घ्यावा. गाडी मात्र स्वतःच्या चाकांवर उभी हवी. चॅसी जॅकवर उचलली की एक्सेल खाली लोंबतो आणि सगळे आकडे खोटे निघतात. कित्येक ठिकाणी मोजमाप होते ते नेमके याच अवस्थेत. दोन सांध्यांच्या कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तर दुरुस्ती तिथेच आहे. पाट्यांच्या गाडीत पिनियन अंशभर खाली झुकलेला ठेवतात, कारण जोर लागताच तो वर येणारच असतो.

या सगळ्याची घाई न करता थेट डिफरेन्शियल खोलला तर काय होते? क्राउन आणि पिनियन ही कारखान्यात एकमेकांशी घासून जमवलेली जोडी असते. बदलायची तर दोन्ही बदलावी लागतात. त्यांच्यातले अंतर पातळ शिमच्या चकत्यांनी राखलेले असते. त्या चकत्या इकडच्या तिकडे झाल्या की निरोगी जोडीही गुणगुणू लागते. मालक हजारो रुपये मोजून नवा आवाज घरी आणतो, आणि जुना आहे तिथेच राहतो, कारण कोनाला कोणी हातच लावलेला नसतो. पुढे त्याच आचक्यांनी पिनियनचे सील गळते, बेअरिंग खाल्ले जाते, आणि मिस्त्रीचे पहिले वाक्य वर्षभराने खरे ठरते.

उपाय बहुतेक वेळा फुटकळ असतो. बेचकी रेषेत आणणे फुकट. शॅकलने वर गेलेले नाक एक्सेल आणि पाट्यामधल्या पाचरीने खाली आणता येते. पाचर पोलादी घ्यावी, ओतीव अॅल्युमिनियमची तडकते. एवढ्याने भागले नाही तर उंची कमी करावी, हे मालकाला आवडत नाही. यू-बोल्टचे नट पाचर बसल्यावर काही दिवसांनी पुन्हा आवळावे लागतात, कारण सगळे थर बसायला थोडे अंतर जावे लागते, आणि सैल नटांची ‘खट्ट’ क्रॉसच्या ‘खट्ट’हून कानाने वेगळी काढता येत नाही.