अमोनियाने कुणाचा हात धरायचा?

धूर आणि रसायन : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पाहिले, की भट्टीतले तापमान दीड हजार अंशांच्या घरात गेले की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. इंधन कितीही स्वच्छ असले तरी तो टळत नाही. बाहेर पडल्यावर त्याचा तांबूस नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि पुढे उन्हात ओझोन, पावसात आम्ल. म्हणून त्याला धुरांड्याआधीच गाठायचे.

त्यासाठी धुरात अमोनिया सोडतात. नायट्रिक ऑक्साइडचे चार रेणू, अमोनियाचे चार आणि ऑक्सिजनचा एक. यांतून नायट्रोजनचे चार आणि पाण्याचे सहा रेणू मिळतात. कागदावर हिशेब चोख जुळतो. पण धुराच्या दहा लाख रेणूंमध्ये नायट्रिक ऑक्साइडचे रेणू असतात काहीशे, तर ऑक्सिजनचे तीस-चाळीस हजार. या गर्दीत अमोनियाने ऑक्सिजनचाच हात धरला तर?

तसे घडवताही येते. नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बारीक जाळीवर, सुमारे ९०० अंशांना, अमोनिया जाळून मुद्दाम नायट्रिक ऑक्साइड बनवतात. आणि त्याच कारखान्यात शेवटी उरलेल्या वायूतून तो घालवायला पुन्हा अमोनियाच वापरतात! पदार्थ तोच, काम नेमके उलट. फरक पडतो तो तापमानाचा आणि उत्प्रेरकाचा. उत्प्रेरक क्रियेचा वेग तर वाढवतोच, पण अनेक वाटांपैकी कोणती खुली करायची हेही तोच ठरवतो. धुरात अमोनिया सोडण्याच्या या पद्धतीच्या ‘सिलेक्टिव्ह कॅटॅलिटिक रिडक्शन’ या नावातल्या ‘सिलेक्टिव्ह’ शब्दाचे मोल हे आहे.

कोळशाच्या, गंधकयुक्त धुरात टिकेल असा उत्प्रेरक १९७० च्या दशकात जपानमध्ये घडला. त्याची लादी जवळून पाहू. तोंडाशी साधारण १५ सेंटिमीटर लांब-रुंद, आणि आत पोळ्यासारख्या आरपार चौकोनी नळ्या. तिचा बहुतेक भाग टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे पांढऱ्या रंगात असते तीच पूड. जोडीला थोडा टंगस्टन ऑक्साइड, आणि व्हॅनेडियम ऑक्साइड जेमतेम टक्का-दोन टक्के. तो वाढवला तर धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड होऊ लागतो. गंधकाम्लाच्या कारखान्यात व्हॅनेडियम नेमके हेच करतो.

तापमान ३०० ते ४०० अंश. नळीच्या भिंतीवरच्या आम्लधर्मी जागी अमोनियाचा रेणू चिकटतो. जवळून जाणारा नायट्रिक ऑक्साइड त्याला भिडतो. दोघांचे नायट्रोजन अणू एकमेकांना जोडले जातात आणि नायट्रोजनचा रेणू सुटून हवेत मिसळतो. त्यातला एक अणू अमोनियाचा, दुसरा प्रदूषकाचा. खुणेचे समस्थानिक वापरून हे सिद्ध झाले आहे. ऑक्सिजनच्या वाट्याला उरते ते व्हॅनेडियमला पूर्वपदावर आणण्याचे काम.

भारताने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीज केंद्रांसाठी नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादा ठरवल्या. पण आपल्या कोळशात राख पुष्कळदा तीस-चाळीस टक्के असते. ती या नळ्या घासते, बुजवते. जपानी लादी जशीच्या तशी आणून भागणार नाही. आपल्या राखेला पुरून उरेल अशी लादी आपणच घडवायला हवी. त्या धुराखाली आपलीच माणसे श्वास घेतात.

पुढील आठवड्यात : उत्प्रेरकाला विषबाधा कशी होते?