साधं की पॉवर?
(दुचाकीच्या पोटात : भाग 6)

मागच्या आठवड्यात आपण कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, पाहिला. पंपावर विचारल्या जाणाऱ्या ‘साधं की पॉवर?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच आकड्याशी बांधलेलं आहे.

वायू दाबला की तापतो. पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो, प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत एका बाजूने पसरत जाते. दाब आणि उष्णता जास्त झाली, तर ज्योत पोहोचण्याआधीच कडेचं उरलेलं मिश्रण आपोआप, एकदम भडकतं. हे नॉकिंग. कानाला टकटक ऐकू येते, आत पिस्टनवर घाव बसतात. तसंच रेटत राहिलं तर पिस्टनच्या माथ्याला भोकही पडू शकतं. पेट्रोल या अवेळी भडकण्याला किती विरोध करतं, एवढंच ऑक्टेनचा आकडा सांगतो. 1920च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी मोजपट्टी ठरवली: आयसो-ऑक्टेनला 100, सहज भडकणाऱ्या हेप्टेनला शून्य.

म्हणजे आकडा मोठा म्हणून पेट्रोलमध्ये ऊर्जा जास्त, असं अजिबात नाही. याचा पुरावा आज प्रत्येकाच्या टाकीत आहे. इथेनॉलचा ऑक्टेन 108च्या आसपास, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. वीस टक्के इथेनॉल मिसळलं (म्हणजेच ई20) की ऑक्टेन चढतो आणि अॅव्हरेज थोडं उतरतं. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यात इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10साठी जुळवलेल्या दुचाकींच्या बाबतीत ही घट 3 ते 4 टक्के धरली होती.

आपल्याकडे बीएस-6 पेट्रोलसाठी किमान 91 ऑक्टेन ठरला होता. ई20च्या मानकात तो किमान 95 आहे. पूर्वी 95साठी वेगळे पैसे मोजावे लागत, आता साध्या नळीतूनच ते येतं. ‘ऑक्टेन वाढेल’ म्हणून महागडं 95 घेण्याचं कारण त्यामुळे जवळपास संपलं आहे. ब्रँडेड पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं असतात हे खरं, पण तो गुण वेगळा. ते हवं असेल तर त्यासाठी घ्यावं.

मग निवडायचं कसं? गाडीच्या पुस्तिकेत किमान ऑक्टेन लिहिलेला असतो, तोच प्रमाण. सध्याच्या क्लासिक 350चं कॉम्प्रेशन 9.5, यामाहा आर15चं 11.6. दुसरीला जास्त सहनशील इंधन लागेल असा अंदाज बांधता येतो. पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. थंडावा, ठिणगीची वेळ, दहनकक्षाचा आकार यांनीही गणित बदलतं. नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ बदलणारा सेन्सर आपल्या रोजच्या बहुतेक दुचाकींत नसतो. अशा इंजिनाला 100 ऑक्टेनचा फायदा घेताच येत नाही, आणि दर मात्र साध्याच्या दीडपटीच्या आसपास. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत ते ओतणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं मी ठामपणे म्हणेन.

(अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या पंपावर 87 दिसलं तर दचकू नका. तिथली मोजणी वेगळी. तिथलं 87 म्हणजे आपलं साधारण 91.)

एप्रिल-मेच्या उन्हात, डबलसीट, खंबाटकीचा चढ, गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि मूठ पूर्ण पिळलेली: नॉकिंगला यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. तेव्हा टकटक आली तर आधी गिअर उतरवा, मूठ सैल करा. तरीही थांबली नाही तर पिस्टनवर साचलेला काजळीचा थर, चुकीचा प्लग किंवा जास्त गरम होणारं इंजिन तपासून घ्या. गाडी उंचावर नेताना मात्र काळजी घटते. लडाखच्या खिंडींत हवा विरळ असते, सिलिंडरमध्ये कमी भरते, दाबही कमी राहतो. तिथे दम लागतो तो हवेअभावी. जास्त ऑक्टेनने तो भरून येत नाही.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांची ई20मुळे होणारी अडचण ऑक्टेनची नाही. ती रबरी नळ्या, वॉशर आणि मिश्रणाच्या प्रमाणाची आहे. पुढच्या आठवड्यात कार्ब्युरेटर उघडू.