लघुपट करताना (भाग ११) : ‘मस्त झालीय’च्या पुढे

रफ कट हातात आला की पहिला मोह होतो तो लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा. अर्ध्या तासात अंगठे, टाळ्या, ‘मस्त झालीय रे’, आत्याचं ‘अभिमान वाटतो बाळा’. सगळं मनापासूनच असतं, पण एडिटला बसल्यावर त्यातलं काहीही कामाला येत नाही. तरी पुढे हेच स्क्रीनशॉट प्रोजेक्टच्या जर्नलमध्ये चिकटतात आणि ‘प्रेक्षकांचा प्रतिसाद’ हे प्रकरण उरकलं जातं.

फिल्म आवडली का, हे विचारून फार काही हाती लागत नाही. आपण जे दाखवलं तेच समोरच्याला दिसलं का, हे तपासायचं असतं. समजा, तुमच्या नऊ मिनिटांच्या फिल्ममध्ये एक मुलगी वडिलांची पेटी विकायला निघते. फिल्म संपल्यावर ‘गोष्ट सांगा’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. बारापैकी सात जण म्हणाले, ‘ती पेटी दुरुस्तीला नेते,’ तर शेवटचं तिचं रडणं त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. ‘अहो, मागे दुकानाची पाटी दिसते की!’ असं समजावायला जाऊ नका. थिएटरात तुम्ही प्रत्येकाच्या शेजारी बसणार नाही आहात.

प्रेक्षक निवडताना युनिटमधले आणि स्क्रिप्ट वाचलेले वगळाच, त्यांना गोष्ट आधीच पाठ असते. दुरुस्त केलेला कटही नव्या माणसांना दाखवा. दाखवताना स्वतः पडद्याकडे पाहू नका. बाजूला बसून चेहरे पाहा. कोणत्या मिनिटाला कुणी खुर्चीत सरकलं, कुणाच्या मोबाइलचा उजेड पडला, कुठे नको तिथे हसू आलं, हे टाइमकोडसकट टिपून ठेवा. हे गुगल फॉर्ममध्ये कुणीही लिहून देत नाही.

नको तिथल्या हशाचा फटका दिग्दर्शक बिली वाइल्डरलाही बसला होता. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) मुळात शवागारात सुरू होत होता. तिथली प्रेतं एकमेकांना आपण कसे मेलो ते सांगत होती. इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टनला प्रीव्ह्यू झाला तेव्हा नायकाच्या पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधताना लोक हसत सुटले. वाइल्डरने तो प्रसंगच काढला आणि तरण तलावात तरंगणाऱ्या प्रेतापासून सिनेमा सुरू केला. पण मेलेला माणूसच गोष्ट सांगतो, ही मूळ कल्पना त्याने सोडली नाही. खटकतं कुठे, ते प्रेक्षकांनी दाखवलं. त्यावर काय करायचं, ते दिग्दर्शकाने ठरवलं. पेटीच्या फिल्ममध्येही कुणीतरी ‘एक संवाद टाका’ असं सुचवेलच. कदाचित दुकानदार नोटा मोजतो तो शॉट दोन सेकंद लांबवला तरी भागेल.

आता मांडणीचं. बारा जणांच्या उत्तरांचा रंगीत पाय चार्ट काढून ‘८३ टक्के प्रेक्षकांना शेवट भावला’ असं लिहिणं मला तरी हास्यास्पद वाटतं. सरळ ‘बारापैकी दहा’ लिहा, आणि ते बारा जण कोण होते तेही. पीपीटीत आलेखांपेक्षा क्लिप दाखवा. आधी पेटीचा जुना प्रसंग, मग प्रेक्षकाचं त्याच्याच शब्दांतलं एक वाक्य (त्याची परवानगी घेऊन), मग नवा कट. एवढ्यात परीक्षकांना तुमची विचारप्रक्रिया दिसते. न मानलेल्या सूचनाही लपवू नका. ‘शेवट गोड करा’ असं चौघांनी सांगितलं आणि तुम्ही तो केला नाही, तर का केला नाही ते दोन ओळींत लिहा. व्हायवाला बहुधा पहिला प्रश्न त्यावरच येईल.

पुढच्या आठवड्यात : आवाजाचं मिक्सिंग, आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर विसंबून का राहू नये.