दुधाचा दात आणि हाडाची घडण

मुलाचा दुधाचा दात पडला की तो छपरावर फेकायचा, ही आपली जुनी रीत. आता काही कंपन्या सांगतात की दात फेकू नका. पैसे भरून आमच्याकडे गोठवून ठेवा, पुढे त्यापासून मुलाला नवे हाड मिळेल. पैसे मोजण्यापूर्वी यात खरे किती, हे समजून घेतलेले बरे.

दातात काय असते?

दाताच्या आत मऊ गर असतो. त्यातील काही पेशींचे काम अजून ठरलेले नसते. त्यांना मूलपेशी म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांना त्या २००० साली पक्क्या दातांत आणि २००३ साली दुधाच्या दातांत सापडल्या. दुधाच्या दाताकडे सोंगताओ शी या शास्त्रज्ञांचे लक्ष गेले, ते त्यांच्या लहान मुलीचा दात पडला तेव्हा. या पेशी उंदरांच्या अंगात घातल्यावर तेथे हाड तयार झाले. तेव्हा मूळ गोष्ट खरी आहे.

दारे कोण धरतो?

मळ्यात विहीर एकच असते. पाणी कोणत्या वाफ्यात जायचे ते दारे धरणारा ठरवतो. पेशीचेही तसेच आहे. जनुके सर्व पेशींत सारखीच. जनुकातील हुकूम आर.एन.ए. नावाच्या चिठ्ठीवर उतरतो आणि त्याप्रमाणे प्रथिन बनते. परंतु काही आर.एन.ए. रेणूंपासून प्रथिन बनतच नाही. दारे धरण्याचे काम त्यांचे. त्यांतील अगदी छोटे, सुमारे २२ अक्षरांचे रेणू म्हणजे मायक्रो-आर.एन.ए. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ साली एका बारीक कृमीवरील अभ्यासातून त्यांचे कार्य उघड केले. त्यासाठी २०२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हाडाच्या वाफ्याचे मुख्य जनुक रन्क्स-२. ते नसलेल्या उंदराच्या पिलांत हाड तयारच होत नाही, असे १९९७ साली दिसले. मायक्रो-आर.एन.ए. २०४ या जनुकाच्या चिठ्ठीला चिकटतो आणि दार बंद करतो. एच-१९ सारखे लांब रेणू अशा छोट्या रेणूंना अडकवून ठेवतात. मग दार उघडते. दातांच्या मूलपेशींत असे अनेक रेणू एकाच वेळी काम करतात. कोणते दार केव्हा उघडायचे आणि केव्हा थांबवायचे, हे माणसाच्या हाती पुरते आलेले नाही. म्हणून हे काम आज मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

मग आपण काय करावे?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्या देशात फक्त नाळेतील रक्त साठवण्यास परवानगी आहे. दात किंवा त्यातील पेशी साठवण्यास नाही. तेव्हा बी-बियाण्याचा पैसा त्यात घालू नये.

मुलांचे दात आणि हाडे जपण्याचा उपाय जवळच आहे. धार जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले की दातांवर डाग पडतात, आणि फार वर्षे असे पाणी पोटात गेले तर हाडे आखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. हातपंपाचे किंवा बोअरचे पाणी पी.एच.ई. विभागाकडून तपासून घ्या. जास्त निघाल्यास पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसरे पाणी वापरा. मुलांना दूध, हिरवी भाजी व आवळा द्या. आहेत ती हाडे धड राहिली, तर नव्याची गरजच कमी पडेल.