हुरडा खावा, पण आगटी जपून

आपण ज्याला हुरडा म्हणतो, कन्नडमध्ये सीतनी, तोच सुरतेत पोंक होतो. तिकडे थंडीत तो भट्टीवर भाजून विकतात आणि शेवेबरोबर खातात. पण सुरतजवळ इच्छापोरला राहणाऱ्या माझ्या नणंदेला आगटीवरचाच हुरडा हवा. तिने फोनवर विचारले, "वहिनी, परसात खड्डा खणून गोवऱ्या पेटवल्या तर चालेल का? मुलांनी आगटी पाहिलेलीच नाही."

मी म्हटले, चालेल. पण आधी जमिनीखाली काय आहे ते बघ. शेजारचे हजिरा हे नैसर्गिक वायूचे मोठे केंद्र. विजयपूर-जगदीशपूरकडे जाणारी वायुवाहिनी तिथूनच निघते. वाहिनीच्या खुणेचा खांब किंवा पाटी जवळपास दिसली, तर तिथे कुदळ लावूच नये. घर सोसायटीत असेल तर आधी विचारावे.

दुसरा धोका अंगावरच्या कपड्यांचा. सुरत कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी प्रसिद्ध. अशी साडी किंवा फ्रॉक पेटला की वितळून कातडीला चिकटतो. म्हणून आगटीजवळ सुती कपडे घालावेत, पदर खोचावा, ओढणी काढून ठेवावी.

आगटी घर, कडबा आणि विजेच्या तारांपासून निदान २० फूट दूर हवी. तेवढी जागा नसेल तर बेत शेतावर करावा. कडेला नदीतले ओले दगड लावू नयेत, ते तापून फुटतात. रॉकेल-पेट्रोल ओतू नये. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी असावी. वारा सुटला तर आगटी विझवावी.

आगटीत कचरा, प्लॅस्टिक टाकू नये. उघड्यावर कचरा जाळल्यास ५ ते २५ हजार रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये दिला. विस्तवाबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

राखेखालचा निखारा रात्रभर जिवंत राहतो आणि सकाळी मुले अनवाणी धावतात. म्हणून पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतावे. उरलेले निखारे उबेसाठी बंद खोलीत नेऊ नयेत. त्यांच्या विषारी वायूला वासही नसतो.

भाजलेच तर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नये. कापड कातडीला चिकटले असेल तर ओढू नये, थेट दवाखाना गाठावा. आगीसाठी १०१ किंवा ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.