आधी हीटर, मग एसी



आमचे काम बिरकत अल अवामेरच्या गोदामांत. तिथला आमचा एक कोल्हापूरकर मित्र शुक्रवारी ऊन चढायच्या आत जुनी मर्सिडीज खोलून बसतो. गाडी 'डब्ल्यू 123', म्हणजे 1976 ते 1985 या काळात निघालेली. थंड देशातून आल्यामुळे हीटर आहे, एसी नाही.

मी त्याच्याकडे गेलो तो स्वार्थापोटी. नाशिकला आमच्या अण्णांची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या मे महिन्यात गाडीत आईला भोवळ आली. धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, एसी बसव, नाहीतर गाडी विकून टाक." मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमच्या गेल्या. घरची तरी जाऊ नये असे वाटते.

मित्र म्हणाला, "एसीचं नंतर, आधी हीटर!" कतारमध्ये हीटर कशाला? पण कारण पटले. हीटरच्या जाळीतून इंजिनाचे गरम पाणी फिरते. व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर ऐन उन्हाळ्यातही डॅशबोर्डमागे चूल पेटलेली राहते आणि नवा एसी तिच्याशीच झगडतो. त्याने अख्खा डॅशबोर्ड उतरवला, जाळी उलटे पाणी सोडून धुतली, दाब देऊन गळती तपासली, व्हॉल्व्ह आणि नळ्या नव्या घातल्या. कूलिंग कॉइलही तेव्हाच बसवली, म्हणजे पुन्हा खोलायला नको.

मग गॅस. पूर्वी आर-12 भरत. त्याने ओझोनचा थर विरळ होतो म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-134ए जुन्या खनिज तेलात मिसळत नाही. म्हणून जुना एसी बदलताना कॉम्प्रेसरचे तेल, ड्रायर आणि सील बदलावे लागतात; कंडेन्सरही मोठा लागतो. गॅसआधी पंपाने आतली हवा आणि दमटपणा ओढून काढायचाच. पाणी राहिले तर बारीक झडपेत बर्फ धरतो.

नाशिकच्या एका गॅरेजवाल्याने मला "किट लावू, गॅस भरू, संध्याकाळी गाडी न्या" असे सांगितले होते. आता कळते की ते स्वस्तात महाग पडले असते. पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे, ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. त्यातलीच काही कॉम्प्रेसर खाणार. पंख्यांना वीज पुरवायला जुना डायनामो अपुरा, अल्टरनेटर हवा. रेडिएटर साफ हवा आणि पुढे विजेचा पंखाही.

हे सगळे अण्णांना फोनवर सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "कसारा घाट चढताना एसी बंद ठेवायचा, एवढं लक्षात ठेव. बाकी तू आल्यावर खोलू."

तेव्हा विकायचा विषय मिटला आहे. डिसेंबरच्या सुट्टीत आधी रेडिएटर आणि अल्टरनेटर, मग एसी. मे महिन्यात पहिली फेरी आईची.

कोणी जुन्या गाडीला एसी बसवला असेल तर आपला अनुभव पुढच्या अंकासाठी जरूर लिहून द्यावा.