दुसऱ्याच्या दोषांची खातेवही

व्यापारी मनुष्य उधारीची वही जितक्या काळजीने ठेवतो, त्याहून अधिक काळजीने आपण सर्वजण दुसऱ्याच्या दोषांची वही ठेवीत असतो. गुमास्त्याची चूक, शेजाऱ्याचा उणा शब्द, भावाने दहा वर्षांपूर्वी केलेला अपमान, ह्यांपैकी एकही रक्कम तींतून सुटत नाही. व्याज तर रोज चढतच असते. मात्र आपल्या स्वतःच्या नावाचे पान बहुधा कोरे आढळते.

ह्या हिशेबातील खोट येशू ख्रिस्ताने एका दृष्टांताने उघडी केली आहे. भावाचे अपराध किती वेळां सोसावे, सात वेळां पुरे काय, असे पेत्राने विचारल्यावरून तो सांगितला गेला. एका राजाने आपल्या चाकराचे दहा हजार तालांतांचे देणे दया येऊन सोडून दिले. तोच चाकर बाहेर पडतांच शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो व त्यास तुरुंगात टाकतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार होत. म्हणजे सुटलेले कर्ज ६ कोटींचे, मागितलेले शंभरांचे! तथापि शंभर दीनार ही देखील तीन महिन्यांहून अधिक मजुरी आहे, हे विसरू नये. दुसऱ्याने आपले केलेले नुकसान खोटे आहे असे ख्रिस्त म्हणत नाही. आपणांस मिळालेल्या सुटीपुढे ते अल्प आहे, इतकेच त्याचे म्हणणे.

हे बोलावयास सोपे, आचरावयास कठीण. परंतु महाराष्ट्रास ह्याचे एक उत्तम उदाहरण ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां लक्ष्मीबाईंच्या संसाराची दोन शकले झाली. काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे चालूच होते. टिळकांनी त्यांजवर बळजबरी केली नाही, वाट पाहिली. १९०० साली त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचली असतील, त्यास टिळकांचे दोषही ठाऊक असतील: तापट स्वभाव, हाती पैसा न टिकणे, न सांगता घरांतून निघून जाणे. बाईंनी ह्यांतील काही लपविले नाही. पण त्यांच्या सांगण्यांत डंख नाही, उलट हसू आहे. दोष पाहूनही माणूस न टाकणे, ह्यासच आम्ही खरी क्षमाशीलता म्हणतो. ती दोहों बाजूंनी होती, म्हणूनच तो संसार तुटता तुटता सांधला गेला.

ह्यावर कोणी म्हणेल, की असे सोसीत गेल्यास लबाडांचे फावेल. ही शंका रास्त आहे. खोट्या मापाने गरिबास नाडणाऱ्या दुकानदारास गिऱ्हाइकाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपणांस नाही; तेथे मौन म्हणजे अन्यायांत भागीदारी होय. आपला झालेला अपमान आपण सोडू शकतो, दुसऱ्याचा बुडालेला हक्क नव्हे. आणि दोष सांगूच नये असेही त्या शास्त्रांत नाही. ह्याच दृष्टांताच्या आधी, त्याच अध्यायांत, भावाने अपराध केल्यास प्रथम त्याजकडे एकटे जाऊन, दोघांतच तो दाखवावा, असा उपदेश आहे. आपण नेमके उलट करितो: बाजारभर सांगतो आणि ज्याचे त्यास मात्र सांगत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा धर्म ख्रिस्ती नसेल. परंतु ह्या हिशेबास धर्मभेद नाही. वर्षअखेरीस न वसूल होणारी उधारी शहाणा व्यापारी बुडीत खाती टाकतो व नवी वही उघडतो. मनाच्या वहीचेही तसेच करावे. ज्याच्याशी बोलणे टाकले आहे असा एक तरी मनुष्य प्रत्येकाच्या वहींत असतो. त्याच्याकडे ह्याच आठवड्यांत जावे, आणि जातांना स्वतःचे कोरे पान आधी प्रामाणिकपणे भरून न्यावे.